सातव्या दिवसाची काच

पेशी मेल्या नव्हत्या, हाच तर वैताग होता. मेल्या असत्या तर ज्योत्स्नानं काच फेकून दिली असती, हात धुतले असते आणि पाचची इंदापूर एसटी गाठली असती. मेल्याचं काहीतरी कारण सापडतं. पण ह्या बाया जिवंत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल होऊन बसल्या होत्या, पसरायचं नाव नाही की वाढायचं नाव नाही. सात दिवस आयतं खाऊन पहिल्या दिवशी होत्या तशाच. समोर टाकलेलं यीस्ट अगदी अंगाला लागून पडलं होतं, पण तोंड लावतील तर शपथ.

"उठा की गं बायांनो," ती त्यांना म्हणाली. "किती अंत बघाल माणसाचा?"

पेशी कुठल्या उठतायत. तिनं वहीत तारीख घातली, सहा मार्च सत्त्याण्णव, आणि पुढं लिहिलं, 'पक्व झाल्या नाहीत.' दिवाळीपासून हे वाक्य तिनं इतक्या वेळा लिहिलं होतं की आता हात आपोआप लिहायचा.

प्रकरण काय होतं ते आधी सांगितलेलं बरं. आपल्या रक्तात काही पांढऱ्या पेशी कोवळ्या असतात, मोनोसाइट म्हणतात त्यांना. रक्तातून त्या बाहेर पडतात, अंगात जागोजाग जाऊन बसतात आणि तिथं पिकतात, मोठ्या होतात, धिरडं पसरावं तशा पसरतात. मग येईल तो जंतू गिळायचा, एवढंच त्यांचं काम; ते जमतंय का हे बघायला त्यांच्यापुढं यीस्ट टाकायचं. हे पिकणं अंगाबाहेर, काचेवर बघायचं तर सात दिवस लागतात. मोठ्या शहरात त्यासाठी वायू सोडणारी उबवण्याची कपाटं असतात आणि परदेशातून आलेलं वासराचं सिरम असतं. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला एका ट्रस्टचं तीन मजली संशोधन केंद्र होतं, तिथं यातलं काहीच नव्हतं. वीज होती, तीही तिची मर्जी असेल तेव्हा. ज्योत्स्नाची सगळी पीएचडी यावरच होती, की हे सगळं नसताना तालुक्याच्या गावात या पेशी पिकवता येतात का? वायूऐवजी तिनं काचेच्या बंद भांड्यात मेणबत्ती लावली. ती जळून जळून आपोआप विझते तेव्हा आतली हवा पेशींना हवी तशी होते. आणि वासराच्या सिरमऐवजी ज्याचं रक्त त्याचंच सिरम. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं, तेच त्याच्या पेशींना पाजायचं. घरचं खाऊन घरात वाढायचं, असा हिशेब.

पद्धत खरी ठरायची तर एकाच माणसाच्या रक्तातून पुन्हा पुन्हा तेच उत्तर यायला हवं होतं. दर पंधरा दिवसांनी एक खेप, अशा बारा खेपा. आठ खेपा सरळ गेल्या. सातव्या दिवशी काच बघावी तर टपोऱ्या, पसरलेल्या पेशी, आणि पोटात यीस्टचे दाणे. रोहिणी मॅडम, म्हणजे केंद्राच्या प्रमुख आणि ज्योत्स्नाच्या गाइड, त्या एकदा खुर्चीवरून उठून म्हणाल्या होत्या, "अगं, पुण्यातसुद्धा इतक्या सुंदर दिसत नाहीत."

दृष्ट लागावी तसं झालं. दिवाळीनंतरच्या पहिल्याच खेपेत पेशी रुसल्या. डिसेंबरात पुण्याहून प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीची माणसं आली ती नेमकी अशीच काच बघून गेली. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आधीचे आठ म्हणजे नशीब असावं. वीस मार्चला परत येतो. ह्याच माणसाची, त्याच्याच सिरमवर वाढलेली एक चांगली काच दाखवा, मुदत वाढवू. नाहीतर मार्चअखेर प्रकल्प बंद." वीस मार्चला काच हवी म्हणजे तेरा मार्चला रक्त काढायला हवं. एवढा साधा हिशेब होता. प्रकल्प बंद म्हणजे तेहेतिसाव्या वर्षी अर्धी पीएचडी काखोटीला मारून ज्योत्स्ना शेळगावात, सासरी, कायमची परत.

तीन महिन्यांत तिनं काय काय बदललं नाही? पाणी दोनदा गाळलं, मग तीनदा. काचा धुवायचा साबण बदलला. मेणबत्तीच्या धुराची शंका आली म्हणून किराणा दुकानातली सोडून पुण्याहून चांगली मागवली. वीज गेली की थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या भरून भांडं त्यात ठेवायची आणि दर तासाला हात लावून बघायची. सकाळी सहाला शेळगावच्या स्टँडवर उभं राहायचं, जंक्शन, लासुर्णे, भवानीनगर करत बारामती. कारखान्याचा हंगाम असला की उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी रांगायची, तिथं अर्धा तास मोडायचा. नवरा धम्मदीप भवानीनगरच्या कारखान्यात पाळीवर. कधी तो उतरताना ती चढायची आणि नवराबायकोची भेट एसटीच्या पायरीवर व्हायची. घरी आल्यावर भाकरी थापतानाही डोळ्यांपुढं गोल गोल पेशीच. थकवा आता अंगाला सवयीचा झाला होता. तिनं सगळं बदललं. एक गोष्ट सोडून.

ज्याचं रक्त होतं तो माणूस तिनं बदलला नव्हता. बदलणार कशी? ते अप्पा होते, तिचे सासरे.

अप्पा सहासष्ट वर्षांचे. नीरा डाव्या कालव्यावर तीस वर्षं पाटकरी म्हणून राबलेले, ज्याच्या पाळीचं पाणी त्याला सोडायचं हे काम. पाणी सोडताना पाटलाचा आणि गरिबाचा दरवाजा त्यांनी एकाच मापानं उचलला, म्हणून दोनदा मार खाल्ला आणि तिसऱ्यांदा बदली. ज्योत्स्ना लग्न होऊन आली तेव्हा बीएस्सी होती. सासू चंद्राबाई म्हणाल्या, आता पुरं झालं. अप्पा म्हणाले, "पुरं कसं झालं? पाट अर्ध्यात फोडून पानी सोडत्यात व्हय?" आणि तिचा एमएस्सीचा अर्ज त्यांनी स्वतः पुण्याला नेऊन दिला. पुढं केंद्रात रक्त द्यायला कुणी माणूस तयार होईना. हे लोक रक्त काढून विकतात अशी आवई उठलेली. तेव्हा अप्पाच पुढं आले. दर दुसऱ्या गुरुवारी परीटघडीचा शर्ट घालून ते तिच्याबरोबर एसटीत बसायचे, तिसऱ्या मजल्यावर यायचे, बाही वर करून हात टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घे."

रक्त काढण्याआधी एक फॉर्म भरायचा असे. ताप आहे का, खोकला आहे का, दारू, बिडी, तंबाखू, कुठलं औषध चालू आहे का. आता सुनेनं सासऱ्याला, शिपाई भिमासमोर, दारू पिता का असं विचारायचं? जीभ रेटत नव्हती. अप्पांना सुपारीचंसुद्धा व्यसन नाही हे साऱ्या गावाला माहीत. ज्योत्स्ना आपली वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही' लिहून मोकळी व्हायची आणि अप्पा खाली ठसठशीत सही करायचे. आपल्याच घरातला माणूस, त्याला काय विचारायचं?

फेब्रुवारीच्या शेवटी रोहिणी मॅडमनी तिला समोर बसवलं. "ज्योत्स्ना, तू पाणी बदललंस, साबण बदललास, मेणबत्ती बदललीस. आता एकदा सिरमची अदलाबदल करून बघ. तुझ्या पेशींना त्यांचं सिरम, त्यांच्या पेशींना तुझं."

तसं केलं. आणि आज सहा मार्चला ज्या काचा निघाल्या त्यातली पहिली, म्हणजे अप्पांच्या पेशी अप्पांच्याच सिरममध्ये, ती वर सांगितलीच. आता तिनं दुसरी काच लावली. अप्पांच्या पेशी, तिचं सिरम. थोड्याच होत्या, पण पसरल्या होत्या, आणि बऱ्याच जणींच्या पोटात दाणे होते. तिसरी काच, तिच्या स्वतःच्या पेशी अप्पांच्या सिरममध्ये. गोल. मख्ख. यीस्ट शेजारी, आणि ह्या ढिम्म.

ज्योत्स्ना खुर्चीत मागं टेकली. म्हणजे पाणी चांगलं होतं. साबण चांगला होता. ती बिचारी मेणबत्तीपण चांगली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अप्पांच्या पेशीसुद्धा धडधाकट होत्या. अप्पांच्या रक्तातच काहीतरी उतरलं होतं, जे पेशींना पिकू देत नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. काय उतरलं असेल? किडनी? कॅन्सर? दिवाळीपासून त्या माणसाच्या अंगात काहीतरी होतंय आणि आपण चार महिने साबण बदलत बसलोय! भवानीनगर येईपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून रडली. शेजारची बाई म्हणाली, "माहेरी कुनी गेलं का गं?" तिनं नुसती मान हलवली.

घरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. अप्पा अंगणात बाजेवर बसून बशीतून चहा पीत होते. ज्योत्स्नानं त्यांच्याकडं नीट बघितलं. बऱ्याच दिवसांनी बघितलं म्हणा ना. गाल चांगले वर आलेले, तोंड गोल, तुकतुकीत. दिवाळीपासून अप्पांना भूक लागते, अप्पांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, गुडघे सुटले, म्हणून घर खूश होतं. आजारी माणूस असा दिसतो? तेवढ्यात चंद्राबाई आतून आल्या आणि अप्पांच्या तळहातावर त्यांनी कागदाच्या पुडीतली एक बारीक पांढरी गोळी ठेवली.

"आत्या, हे काय देताय?"

"ही व्हय? ताकदीची गोळी हाय. दोन सकाळी, एक सांजच्याला."

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं की. स्टँडाजवळचा डाक्टर देतो. लई गुन हाय बघ. गुडघं कसं पळाय लागलं!"

ज्योत्स्ना पायरीवर बसली. तिनं पुडी मागून घेतली. गोळीवर नाव नव्हतं, पुडीवर नाव नव्हतं, पण तिला नावाची गरज नव्हती. अशा गोळ्यांनी पेशींचं काय होतं यावर तिच्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात अख्खं एक पान होतं. स्टेरॉइड. दुखणं दाबतं, भूक वाढवतं, गाल फुगवतं, आणि अंगातल्या राखणदारांना झोपवून ठेवतं.

"अप्पा," ती म्हणाली, "मी फॉर्मवर लिवत होते, औषध न्हाय म्हणून."

"मंग खरंच की. औषध कुठाय? आजारी मानूस औषध घेतो. ही ताकदीची हाय."

"कशाला पायजे होती ताकद?"

अप्पांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझा त्यो जिना. दसऱ्याच्या आदल्या खेपंला मदल्या मजल्यावर माझं गुडघं बसलं. तू रिकाम्या नळ्या घेऊन म्होरं गेली हुतीस. त्यो भिमा म्हनला, आबा, खुर्चीत घालून वर न्यायचं का? हसत म्हनला, मानूस वाईट न्हाय. पर मला लाज वाटली. म्हनलं, सुनंच्या हापिसात आपलं हे असं नको. म्हनून गेलो डाक्टरकडं."

ज्योत्स्नानं पुडीची घडी नीट मिटली. राग आला, त्या डॉक्टरचा आला, अप्पांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तिच्याच जिन्यासाठी घेतलेल्या गोळीनं तिचीच काच नासवली होती. असलं कुणाला सांगावं तर लोक हसतील.

"आजपासनं बंद," अप्पा एकदम म्हणाले आणि हातातली गोळी त्यांनी अंगणात भिरकावली. "येत्या गुरुवारी तेरा तारीख हाय न्हवं? सात दिसात रक्त निर्मळ हुईल. घे आन् दाव त्यांला."

इथं खरी गोम होती. हे तिच्याही डोक्यात एसटीतून उतरल्यापासून नाही तरी या पायरीवर बसल्यापासून घोळत होतंच. सात दिवसांत सिरम साफ होईल. काच चांगली निघेल. कुणाला काही सांगायला नको, ना गोळीबद्दल, ना त्या फॉर्मबद्दल. पण ज्योत्स्नाला पुढचंही माहीत होतं.

"अप्पा, ती एकदम बंद करायची न्हाय. जिवावर बेतंल."

"आं? बंद केल्यानं?"

"हे औषध आपलं अंगसुद्धा तयार करतं, थोडं थोडं. बाहेरनं आयतं याय लागलं की अंग ते करायचं सोडतं."

अप्पांनी विचार केला. "म्हंजी पाटाला पानी आलं की लोक हिरीवरची मोट सोडत्यात, तसं."

"तसंच. आन् पाट एकदम बंद झाला तर—"

"हिरीवर मोट न्हाय, आन् रान तर वाळाय लागलंय," अप्पा म्हणाले. पाण्याचं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"मोट परत बांधूस्तवर पाट थोडा थोडा कमी करायचा. दोन-तीन महिनं जातील. बारामतीच्या मोठ्या डॉक्टरला दाखवू. तोवर गोळ्या चुकवायच्या न्हाईत आन् रक्त द्यायला यायचं न्हाय."

"आन् वीस तारखेचं?"

"बघू," ती म्हणाली. तो 'बघू' इतका दमलेला होता की चंद्राबाईंनी चहाचा कप तिच्या हातात आणून दिला आणि शेजारी बसून राहिल्या.

ज्योत्स्नानं तेव्हाच अप्पांना हाताला धरून डॉक्टरकडं न्यायला हवं होतं. पण शुक्रवारी वीज गेली, शनिवारी मॅडमनी अहवालाचे तक्ते मागितले, सोमवारी आणखी काही. रोज सकाळी ती निघताना विचारायची, "गोळी घेतली?" आणि अप्पा म्हणायचे, "तुझी आत्या देतीया की." ते खरंच होतं. चंद्राबाई देत होत्या. अप्पा ती तोंडाशी नेत होते आणि शर्टाच्या खिशात टाकत होते. एकदा हट्टाला पेटले की पाटलाच्या बापाचं न ऐकणारा माणूस तो, सुनेचं काय ऐकतोय!

तेरा तारखेला साडेअकराच्या सुमाराला भिमा धावत वर आला. "मॅडम, तुमचे आबा आलेत. जिन्यात बसलेत. काय बरं दिसंना."

ती खाली पळाली. मधल्या मजल्यावर, भिंतीला टेकून अप्पा बसले होते. परीटघडीचा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे, वाटेत एसटीत दोनदा उलटी झालेली. एकटेच आले होते. तिला बघून त्यांनी बाही वर सरकवायला घेतली, पण बोटांना गुंडी सापडेना.

"सात दिस झालं," ते म्हणाले. "एक गोळी पोटात न्हाय गेली. धुतल्या तांदळागत रक्त हाय बघ. घे."

नाडी हाताला लागत होती न लागत होती. ज्योत्स्ना उकिडवी बसली होती, त्यांचं मनगट तिच्या हातात होतं, आणि वर तिसऱ्या मजल्यावर, तिच्या टेबलावर, निर्जंतुक सिरिंज तयार होती. खोटं कशाला सांगा, तिच्या मनात आलं. पाच मिनिटं. पन्नास मिली. रक्त काढू आणि मग रिक्षा बोलवू. पाच मिनिटांनी असं काय होणार आहे? सात दिवसांनी काच चांगली निघेल, मुदत मिळेल, नावापुढं डॉक्टर लागेल. हे सगळं एका श्वासात तिच्या मनात येऊन गेलं, आणि हा विचार आपल्याला सुचला याचंच तिला आयुष्यभर पुरेल एवढं भय वाटलं.

"भिमा, खुर्ची आण," ती ओरडली. "आणि खाली रिक्षा थांबव. पळ!"

खुर्चीत घालून दोघांनी त्यांना खाली उतरवलं. अप्पा सगळा वेळ पुटपुटत होते, "अगं वर, वर. खाली कुठं नेतीस?"

दवाखान्यात ज्योत्स्नानं डॉक्टरांना सगळं एका दमात सांगितलं. चार महिने स्टेरॉइड, रोज तीन गोळ्या, सात दिवसांपूर्वी एकदम बंद. डॉक्टर शहाणा होता, त्यानं पुढं काही विचारलं नाही. सलाइन लावलं आणि शिरेतून इंजेक्शन दिलं. दुपारी दोनच्या सुमाराला अप्पांच्या ओठांवर रंग आला. तीनला ते उशीला टेकून बसले, चहा मागितला, चहाबरोबर दोन बटर खाल्ले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आता कसं झ्याक वाटतंय! आता घे रक्त. सुई हातात हायेच की, तितनंच घे."

"अप्पा, आता तुमच्या अंगात तेच औषध हाय. त्यांनी तेच टोचलंय."

"तेच?" अप्पांनी वरच्या बाटलीकडं बघितलं, मग हाताकडं. "म्हंजी सात दिस वाया गेलं?"

ज्योत्स्नाला हसूही आलं आणि रडूही आलं. त्यातलं आधी काय बाहेर पडलं ते तिलाही कळलं नाही.

वीस तारखेला समिती आली. ज्योत्स्नानं टेबलावर अदलाबदलीच्या काचा मांडल्या आणि काय घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. अध्यक्षांनी तिन्ही काचा शांतपणे बघितल्या. "हे काम छान आहे," ते म्हणाले, आणि तिच्या मनात एवढीशी आशा हलली. मग त्यांनी फॉर्मची फाइल ओढली.

"इथं औषधाच्या रकान्यात 'नाही' कुणी लिहिलंय?"

"मी."

"त्यांना विचारून?"

मागं रोहिणी मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. हो म्हणता आलं असतं. अप्पांना विचारलं असतं तरी त्यांनी नाहीच सांगितलं असतं, औषध नव्हेच ते, ताकदीची गोळी. हो म्हटल्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "मी विचारलं नाही. एकदाही नाही."

अध्यक्षांनी फाइल बंद केली. माणूस कठोर नव्हता, त्यालाही ते जड गेल्याचं दिसत होतं. "मग बाई, आठ चांगल्या खेपांच्या रकान्यांवर तरी आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

साडेबाराला ते गेले. मार्चअखेर प्रकल्प बंद, हे पुण्याहून लेखी येईल, असं सांगून गेले. ज्योत्स्नानं काचा धुतल्या, भांडं पुसलं, ओटा पुसला. पाचच्या एसटीत तिला बसायला जागा मिळाली आणि भवानीनगरपर्यंत ती चक्क झोपली. इतक्या महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं.

अप्पा अंगणात बाजेवरच होते. आता रोज मोजून गोळ्या घेत होते, बारामतीच्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तशा, आणि गुडघे परत धरायला लागले होते. तिनं पिशवी पायरीवर ठेवली.

"काय झालं गं?"

"बंद झालं, अप्पा."

अप्पांची मान खाली गेली. त्यांचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं. "माझ्यामुळं गेलं तुझं. मीच नासवलं."

तिला वाटत होतं काहीतरी गोड बोलावं, पण गोड बोलायला लागणारा जोर अंगात उरला नव्हता. जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. "न्हाय अप्पा. मी तुमाला इचारलंच न्हाय."

अप्पांनी वर बघितलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "काय इचारायचं हुतं?"

ज्योत्स्ना बाजेजवळ जमिनीवर बसली. दहा वर्षं ती या घरात होती, आठ महिने दर पंधरवड्याला या माणसाचं रक्त काढत होती. त्याच्या रक्तातल्या पेशी कितव्या दिवशी काय करतात ते तिला तोंडपाठ होतं.

"गुडघा कवापासनं दुखतोय?" तिनं विचारलं.

"ह्यो?" अप्पांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. मग दाराकडं बघितलं, चंद्राबाई आत होत्या. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ह्यो पाटावरच्या दुसऱ्या मारातला हाय. बहात्तर सालचा. घरात कुनाला ठावं न्हाय. कुनी कवा इचारलंच न्हाय गं."

आणि मग ते सांगायला लागले.